खरवडलेली कॉलर

"कॉलर सोडली तर बाकी सगळं स्वच्छ दिसतंय," लोरेन्झन मास्तर म्हणाले आणि फोटोवरचं भिंग जरा वर उचललं.

विबके कोट न काढताच टेबलाशी उभी होती. तिची आई, एर्नाबाई, खिडकीजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जुन्या गणवेशांची पारख असलेल्या मास्तरांना दाखवायला विबकेनं सकाळी आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवला, तेव्हा त्याही गाडीत येऊन बसल्या होत्या.

"मास्तर, शुक्रवारी सभा आहे," विबके म्हणाली.

"ठाऊक आहे. बस आधी. चौथीत तुला भागाकार शिकवला, त्यापेक्षा हे सोपं आहे."

शुक्रवारी चर्चच्या सभेत दगडी पाटीवरची नावं ठरायची होती. युद्धात गेलेल्या गावकऱ्यांची ती पाटी. युद्धानंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांच्या माणसांची नावंही पुढे तिच्यावर कोरली गेली. आता जे जे हिटलरच्या एसएस दलात होते, त्यांची नावं काढायची, असं नव्या पाद्रीबाईंनी ठरवलं होतं. चार जण एसएसमध्ये असल्याचे कागद मिळाले होते. पाचवं नाव एमिल कुर्शात यांचं, विबकेच्या आजोबांचं. त्यांचे कागद कुठेच नव्हते. होता तो हा एक फोटो, आणि त्यातल्या कॉलरची दोन्ही टोकं कुणीतरी पात्यानं पांढरी होईपर्यंत खरवडली होती.

कॉलर का खरवडतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. एसएसच्या खुणा कॉलरवर असत. युद्ध हरल्यावर घरोघरी पाती निघाली होती.

"शाळेत असताना मैत्रिणींना घरी आणायची, तेव्हा मी हा फोटो उलटा करून ठेवायची," विबके म्हणाली. "पण आई अजूनही दर रविवारी त्या पाटीखाली बसते. नाव काढलं तर ती कुठे बसेल?"

"दुसऱ्या बाकावर," एर्नाबाई म्हणाल्या. "चर्चमध्ये बाक पुष्कळ आहेत."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी दिवा जवळ ओढला. "हे बघ. साध्या फौजेतल्या शिपायाच्या उजव्या छातीवर गरुड शिवलेला असतो. इथं छाती मोकळी आहे."

"म्हणजे?"

"एसएसवाले तो डाव्या बाहीवर लावत. बाही फोटोत आलेली नाही."

विबके खाली बसली. तिनं कोटाची वरची दोन बटणं काढली आणि पुन्हा लावली.

"झालं मग," एर्नाबाई म्हणाल्या. "लिहून द्या आणि मोकळे व्हा. कॉफी नको आम्हाला."

"कॉफी मी विचारलीच नाही अजून, एर्नाबाई. बसा जरा." मास्तरांनी भिंग विबकेच्या हातात दिलं. "आता तू बघ. खांद्यावर काय दिसतं?"

"काहीच नाही."

"नीट बघ."

"शिवण आहे. बाकी काही नाही, मास्तर."

"बरोबर. आणि तिथं पट्टी हवी. एसएसचा असो की साधा शिपाई, खांद्यावर पट्टी असायचीच. पट्टी सोड, ती अडकवायचं बटणही नाही."

एर्नाबाईंची पर्स मांडीवरून घसरली. त्यांनी ती उचलली नाही.

मास्तरांनी भिंग परत घेतलं आणि कॉलरवर धरलं. मग सावकाश म्हणाले, "असे शंभरएक फोटो मी पाहिलेत. लोक खरवडतात ते बिल्ल्यापुरतं. घाई असते, हात थरथरतो, म्हणून कुठेतरी बिल्ल्याची कड राहते, एखादा टाका राहतो. इथं ओरखड्यांच्या मधेमधे नुसतं कापड दिसतंय. सरळ, साधं कापड."

"म्हणजे बिल्ला..."

"इथं बिल्ला नव्हताच."

"मग खरवडलं काय?"

"ते मला सांगता येणार नाही. गणवेशाचं सांगतो. गरुड नाही, पट्टी नाही, बिल्ला नाही. सगळ्या खुणा उतरवलेला गणवेश एकाच तऱ्हेच्या शिपायांना देत. शिक्षा झालेल्यांना. कुणी हुकूम मोडला, कुणी फौज सोडून पळाला. त्यांना बंदूक नाही, फावडं द्यायचे. सुरुंगांच्या रानात रस्ते खणायला पाठवायचे. त्यातले फार थोडे परत आले."

विबकेनं तोंडावर हात धरला. थोड्या वेळानं तो काढला, तेव्हा ती हसत होती आणि डोळे वाहत होते. "आई, ऐकलंस? आजोबा त्यांच्यातले नव्हतेच. त्यांनी नकार दिला होता. शुक्रवारी मी उभी राहून सांगते सगळ्यांना. नाव काढायचं तर सोड, ते पहिलं कोरायला लावते."

एर्नाबाई उठल्या, टेबलाशी आल्या. फोटो उचलून त्यांनी पदराआड घ्यावा तसा स्वेटरच्या आत धरला.

"माझे बाबा सुट्टीवरून परत गेलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "काकाच्या गवताच्या कोठारात लपले होते, तिथं पकडले गेले. कॉलर मी खरवडली. अकरा वर्षांची होते. पूर्वेकडून इथं आल्यावर आम्हाला पेटर्सनच्या घरात खोली मिळाली होती, आणि पेटर्सन लढाईवरून आलेला. रिकामी कॉलर शिक्षा झालेल्याची, हे त्यानं एका नजरेत ओळखलं असतं. खरवडलेली बघितली, तेव्हा एसएसवाला समजून टोपी काढून आईच्या हातात हात दिला त्यानं. पाटीवर नावही त्यानंच घालायला लावलं." त्यांनी खाली पडलेली पर्स उचलली. "शुक्रवारी तू एसएसच सांग, विबके. नाव गेलं तर गेलं, चार घरं आपल्याबरोबर असतील. पळून आले होते म्हणालीस, तर या गावात आपण दोघीच."