दोनशे ऐंशी मीटर

मोजमाप कधी खोटं बोलत नाही, या एका सत्यावर मोजणीदारांनी अडतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. बोलायचंच झालं तर मोजणारा बोलतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. साखळी बोटभर सैल धरली की बांध हातभर सरकतो, आणि कागदावर सगळं कसं सुतासारखं सरळ दिसतं.

आज साखळी दुसऱ्याच्या हातात होती. हृदयरोग्यांच्या व्यायाम विभागाबाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये तीस मीटरवर दोन नारिंगी शंकू मांडले होते. सहा मिनिटं या शंकूपासून त्या शंकूपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. किती मीटर भरले ते व्यायामाच्या मॅडम लिहून घेणार. बायपासनंतर, तीन महिन्यांपूर्वी, मोजणीदारांचे दोनशे नव्वद भरले होते. आज चारशे सहज भरले असते. गच्चीवर त्यांनी स्वतः मोजून पाहिलं होतं.

पण चारशे भरायचे नव्हते. मागच्या मंगळवारी शेजारच्या सायकलवरचे पोस्टमास्तर चारशे दहा चालले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि शुक्रवारी त्यांच्या सायकलवर भलताच माणूस बसलेला. बरा झाला की हाकलतात, यात मोजणीदारांना शंका उरली नाही. पोस्टमास्तर आता घरात बसून भिंती बघत असणार.

घर मोजणीदारांनाही होतं. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. रोज न चुकता ती विचारायची, "गोळी घेतली का?" ते "घेतली" म्हणायचे, आणि त्या दिवसाचं बोलणं संपायचं. इथे मंगळवारी आणि शुक्रवारी सहा म्हातारे सायकली मारत एकमेकांच्या हृदयाची टर उडवायचे. आणखी तीन महिने मिळाले असते तर मोजणीदारांना ते हवे होते.

"आजोबा, धावायचं नाही हं. झेपेल तेवढंच," मॅडम म्हणाल्या.

"झेपेल तेवढंच," मोजणीदारांनी कबूल केलं.

तिसऱ्या फेरीला त्यांनी चाल सैल केली. पाचव्या फेरीला भिंतीला हात लावला. चौथं मिनिट संपताना खुर्ची मागून घेतली आणि अर्धं मिनिट धापा टाकल्या. फार कमी भरून चालणार नव्हतं, नाहीतर पुन्हा नळी घालून तपासायला नेलं असतं. मनात पावलं मोजणं चालूच होतं. मॅडमनी "थांबा" म्हटलं तेव्हा नऊ फेऱ्या आणि वर दहा मीटर झाले होते. दोनशे ऐंशी, ना एक कमी ना एक जास्त. इतकी सफाईदार खोटी मोजणी उभ्या नोकरीत त्यांच्या हातून झाली नव्हती.

मग हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाचदा उठायचं होतं. चौथ्यांदा उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. हे वरकड.

मॅडमनी कागद दोनदा पाहिला. "आजोबा, वाईट वाटून घेऊ नका."

"छे, वाईट कसलं? घ्या आणखी तीन महिने. माझी ना नाही."

"तसं नाही होत. तीन महिन्यांत फरक पडला नाही की जागा दुसऱ्याला द्यावी लागते. तुमचे तर उलट दहा मीटर घटलेत. तुम्हाला घरचे व्यायाम लिहून देते. खुर्चीत बसल्या बसल्या करायचे."

"आणि पोस्टमास्तर?"

"ते सकाळी सातच्या बॅचला गेले ना. ज्यांच्यात सुधारणा आहे त्यांना वर्षभर येता येतं." मॅडम हसल्या. "तुमची चौकशी करत होते. शेजारच्या सायकलवर कुणाला बसू देत नाहीत. मोजणीदार येतीलच आठवड्याभरात, म्हणतात."

मोजणीदारांनी शंकूंकडे बोट दाखवलं. मग कुठल्याही साहेबापुढे कधी काढला नव्हता तसा बारीक आवाज त्यांनी काढला. "मॅडम, मी मुद्दाम हळू चाललो. पुन्हा मोजा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. चारशे चालतो मी."

मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, आजोबा. पुष्कळ जणांना तसं वाटतं." आणि कार्डावर 'अशक्त' असं लिहून, खाली तारीख घालून, त्यांना दंडाला धरून लिफ्टपर्यंत सोडलं. पुढचा पेशंट शंकूपाशी उभा होता, म्हणून त्या लगेच परतल्या.

लिफ्ट बंद होती. हृदयविभाग तिसऱ्या मजल्यावर होता. मोजणीदार जिन्याने उतरले. खाली आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दाखवण्यापुरती आणलेली काठी वरच राहिली. ते तीन मजले पुन्हा चढले, खुर्चीला टेकवलेली काठी उचलली, आणि काखेत मारून पुन्हा उतरले. पॅसेजमध्ये पुढच्या पेशंटची तिसरी फेरी चालू होती. मॅडमचं लक्ष घड्याळाकडे होतं.

फाटकापाशी सुनेचा फोन आला.

"गोळी घेतली का?"

"घेतली," मोजणीदार म्हणाले.

त्या दिवसाचं बोलणं संपलं, तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते.