आढ्यावरची वाळवी

सकाळी दहा वाजता वाळवी तपासायला आलेल्या गावसने शिडीवर चढून आढ्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

खाली दिगंबर सामंत उभे होते. वाटणीत त्यांनी आणि थोरल्या भावाने घराच्या मधोमध मातीची भिंत घातली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आढं मात्र दोन्ही घरांवर एकच राहिलं.

“वाळवी पलीकडूनच आली असणार,” सामंत म्हणाले.

भिंत आणि छपरामधल्या फटीतून थोरल्या भावाचा आवाज आला, “त्याला सांगा, कीड त्याच्याकडचीच!”

वाळवी नेमकी कुठून आली, ते गावसला अजून कळलं नव्हतं. आढ्यावरून निघालेल्या, वाळवीने केलेल्या मातीच्या बारीक नळीचा माग काढत तो शिडी उतरला. ती भिंतीच्या तळाशी संपली. त्याने तिथे ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला.

“वारूळ या भिंतीतच आहे,” तो दोघांना ऐकू जाईल असं म्हणाला. “ही पाडा, नाहीतर पावसाळ्यात आढं दोघांच्याही डोक्यावर येईल.”



मग फटीतून थोरल्याने विचारलं, “पहार आहे का त्याच्याकडे? की माझी देऊ?”

सामंतांची पहार दारामागेच होती. तरी त्यांनी फटीखाली जाऊन हात वर केला.