पापडीच्या बाजारातली तालीम

पर्सला पितळी चेन. प्लॅस्टिकची नको, ओढली की निघते.

लिस्बनची ट्राम. चढताना एक म्हातारी गोड हसली, उतरताना ॲलिस्टरचं पाकीट नव्हतं.

कमरेला बांधलेला पैशांचा कापडी कसा. केळीच्या घडांमागे बसून चाळीस वर्षं, एकदाही कुणाचा हात लागलेला नाही.

बारा जुलै, रविवार. समाजमंदिर, शाल, नारळ, ‘पोर्तुगालला उच्च शिक्षणासाठी निघालेली आपली कन्या’.

मागच्या खिशातला मोबाइल.

मागच्या खिशातला मोबाइल, पुन्हा.

गिरीजच्या पांडुरंगाच्या डोक्यात हे सगळं एकदमच फिरत असायचं. आणि त्याची मुलगी अक्षया कानात गाणी घालून, पर्स उघडी टाकून वाडीतून निवांत चाललेली असायची. सांगून सांगून त्याच्या जिभेला फोड यायचे बाकी राहिले होते.

भुईगावचा ॲलिस्टर तीन वर्षं बोटीवर होता, लिस्बन बघून आलेला. त्याला पांडुरंगाने मुद्दाम बोलावून घेतलं.

“पांडूकाका, तिथे अंगावर येत नाय कोणी,” ॲलिस्टर म्हणाला. “सॉरी बोलतात आणि घेऊन जातात.”

“चिमाजी आप्पांनी वसईतून हाकललेली माणसं ती. त्यांच्याकडून दुसरं काय होणार?”

“जपून बोला काका. अर्धे माझे नातेवाईक निघतील.”

अक्षया हसली. ती हसत असतानाच तिचा मोबाइल पांडुरंगाने उचलला आणि पायरीखाली लपवला. तिला कळायला दहा मिनिटं लागली.

त्या दिवसापासून पांडुरंग घरात चोरी करू लागला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने मोबाइल अकरा वेळा आणि पाकीट सहा वेळा लांबवलं. “मी साठीचा माणूस, माझे हात केळीच्या चिकाने राठ झालेले. तरी तुला पत्ता लागत नाही,” तो म्हणायचा.

“बाबा, घरात कोण सावध राहतं?”

“घरात जो राहत नाही, तो बाहेरही राहत नाही.”

“माझ्या कपाटाच्या किल्ल्या द्या आधी,” आतून चंद्रकांता म्हणायची. “दोन दिवस शोधतेय. नवरा नाही, भामटा पदरात पडलाय.”

बारा जुलैच्या सत्कारानंतर मात्र पोरीत फरक पडला. गाणी बंद झाली. बाबा बोलायचे तेव्हा ती मान खाली घालून ऐकायची. चारचौघांनी मान दिला की जबाबदारी कळते, असं पांडुरंगाने वाडीत येईल त्याला सांगितलं. पासपोर्टचं पाकीट ती स्वतः मुंबईहून घेऊन आली, तेव्हा त्याने व्हिसा बघायला हात पुढे केला.

“केळीचे डाग जात नाहीत, बाबा,” ती म्हणाली आणि पाकीट कपाटात ठेवलं. त्याला ते पटलं. इतकं जपायला शिकली म्हणजे शिकवण वाया गेली नाही.

विमान मंगळवारचं होतं. आधीच्या शुक्रवारी पापडीच्या बाजारात शेवटची तालीम करायची, असं त्याने ठरवलं. तिने पुढे चालायचं आणि त्याने गर्दीतून येऊन हात मारायचा. पासपोर्टच्या मापाची एक डायरीही त्याने आणली होती.

“डायरी कोण जपेल?” अक्षया म्हणाली. “खरा पासपोर्ट नेते. भीती वाटली तरच लक्ष राहील.”

“मग कसा बांध कमरेला.”

“कसा बांधला तर परीक्षा कसली? साध्या पर्समध्ये ठेवते.”

पांडुरंग चंद्रकांताकडे बघून हसला. पोरगी एवढी तयार होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

बाजारात तो दहा पावलं मागे होता. सुक्या बोंबलांच्या रांगेत गर्दी दाटली, बायकांच्या टोपल्या आडव्या आल्या, आणि अक्षया क्षणभर दिसेनाशी झाली. तो घुसत घुसत पुढे पोहोचला. तिच्या पर्सची चेन उघडी होती. त्याचं डोकंच फिरलं.

“हेच शिकवलं का तुला?”

तिने पर्समध्ये हात घातला. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “काढलात ना? द्या आता, बाबा.”

“मी हात लावलेला नाही.”

“मस्करी नको.”

“तुझी शपथ, अक्षया.”

त्याने प्रत्येक टोपलीखाली बघितलं. बोंबीलवालीला उठवून तिचं गोणपाट झटकलं, तिच्या शिव्या खाल्ल्या. दोन तास बाजार पालथा घालून शेवटी तो पोलिसांकडे निघाला. अक्षया नको म्हणत होती, त्याने ऐकलं नाही.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. “भाजी आणायला पासपोर्ट घेऊन येतात?”

“चोरांपासून वाचायचं शिकवत होतो, साहेब.”

“आणि पैसे?”

“पैसे आहेत पर्समध्ये,” अक्षया म्हणाली. “गहाळ झाला असं लिहा. मी कुणाला चोरताना बघितलं नाही.”

घरी आल्यावर पांडुरंग ओट्यावर बसला. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली, आणि जो येईल त्याला तो आपण होऊन सांगत होता, “पोरीला काही बोलू नका. माझं शहाणपण नडलं. माझ्यामुळे गेलं तिचं वर्ष.” सगळे त्यालाच बोलून गेले. समाजाचे अध्यक्षही येऊन बोलून गेले. अक्षयाच्या डोक्यावरून मात्र प्रत्येकाने हात फिरवला.

सगळे गेल्यावर ती त्याच्याशेजारी येऊन बसली.

“तुमची चूक नाही, बाबा.”

“मग कुणाची?”

त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. “नवा पासपोर्ट काढू. व्हिसा काय, एकदा दिलाय म्हणजे पुन्हा देतीलच.”

व्हिसा नाकारल्याचा मेल अक्षयाला तेरा जुलैला आला होता.