स्वच्छ आकाश

"बघ, कसं स्वच्छ झालंय आकाश!" स्टुडिओच्या काउंटरवर मोठी प्रिंट उलगडत बाबा म्हणाले. "मधोमध केवढा पांढरा डाग पडला होता. पुसायला अख्खी सकाळ गेली माझी."

मी प्रिंटकडे पाहिलं. सगळे तारे जागच्या जागी होते. धूमकेतू तेवढा नव्हता.

"बाबा, तो डाग म्हणजेच धूमकेतू होता! मूळ फाइल कुठंय?"

"तिच्यावरच सेव्ह केलं की. घाण कशाला ठेवायची?"

धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत असतो, म्हणून साठ फोटो एकेक करून जुळवून मी हा एक फोटो बनवला होता. पुन्हा जुळवायला दोन दिवस लागले असते. प्रदर्शन मात्र त्याच संध्याकाळी सुरू होणार होतं. मी स्टुलावर बसून रडायलाच लागले.

बाबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली.

"अगं, रुसून लग्नाला न आलेल्या मामांना मी ग्रुप फोटोत उभं करतो. हा निदान आभाळात होता तरी!" ते म्हणाले. "बोल, शेपटी कुठल्या बाजूला हवी?"