तिवशाची चौकशी

पुढच्या खोलीत येऊन बसलेल्या माणसाने पहिलाच प्रश्न टाकला, मुलगी घरातली कामं करते का. आतल्या खोलीत पलंगावर उताणी पडलेल्या दीपमालाला हसूच आलं. तिवशाच्या स्थळाने चौकशीला माणूस पाठवायचा, तर निदान जरा आडून विचारणारा तरी पाठवावा.

कुणीतरी येऊन जाईल, हे बेबीताईंनी सांगून ठेवलंच होतं. स्थळ त्यांनीच आणलेलं, आणि आत्ता त्या बाहेर सोफ्यावर बसलेल्या होत्या. मग आईने, पार्बताबाईंनी, हात कशाला आखडता घ्यावा? त्यांच्या तोंडून जी दीपमाला बाहेर पडत होती ती पहाटे उठून सडा-रांगोळी करत होती, पाण्याचे भरलेले हंडे-गुंड उचलत होती, घरभर पाहुण्यांचा स्वयंपाक एकटी उरकत होती. ऐकता ऐकता खऱ्या दीपमालाला तिचा हेवा वाटला. स्कूटीवरून पडल्यापासून तिला स्वतःला खुर्चीत धड बसवत नव्हतं. कंबरेतून निघालेली कळ टाचेपर्यंत जायची. पतसंस्थेतली तिची कॅशियरची खुर्ची तेव्हापासून रिकामीच होती.

एवढ्यात त्या माणसाने घसा साफ केला. आपण स्थळाकडून नाही, विमा कंपनीकडून आलो आहोत, म्हणाला. पाठीच्या दुखण्याने काम होत नाही असा मुलीचा क्लेम आहे. एमआरआयमध्ये फारसं काही दिसत नाही, अशा वेळी घरी येऊन खात्री करावी लागते. हे आधीच सांगायला हवं होतं खरं, पण आई इतक्या मनापासून बोलत होत्या की मध्ये तोडवलं नाही.

लबाड मेला, दीपमाला मनात म्हणाली. पण तिला भीती वाटली नाही. आता आई खरं ते सांगेल. क्लेम मंजूर झाला तर दरमहा निम्मा पगार हातात येणार होता आणि नागपूरच्या डॉक्टरांचे अर्धवट राहिलेले उपचार पुन्हा सुरू होणार होते. त्यासाठी आईच तिला धरून धरून रिक्षात चढवायची, दवाखान्याच्या बाकावर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. आईला ठाऊक नव्हतं असं त्यात काही नव्हतंच.

"मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करतो, आई," तो माणूस म्हणाला. "जे असेल ते सांगा. मुलीला त्रास आहे की नाही?"

आईच्या आधी बेबीताईच बोलल्या. "काहून वो पार्बताबाई, पोरीले दुखनं हाय का काई? मले तर बोलल्या नाई तुमी."

दीपमालाने उशीवरून मान उचलून कान दिला.

"दुखनं कायचं?" आई म्हणाली. "पडली होती, बरी झाली. ऑफिसवाल्यायनं देल्लं असन काईबाई भरून. माह्या पोरीले काई नाई, साहेब."

दीपमाला उठली. उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग दातओठ खाऊन अंग उचलायचं. भिंतीला धरत ती दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकली. कपाळावर घाम आला होता. आता कुणी काही बोलायची गरजच नाही, असं तिला वाटलं.

"आई, खरं सांग त्याहीले," ती म्हणाली.

आई लगबगीने तिच्याजवळ आली. झोपेतून उठली ना, पायाला मुंग्या आल्यात, असं तिने बेबीताईंना सांगितलं आणि पाठीमागून हात घालून दीपमालाला सावरलं. विम्याचा माणूस दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग म्हणाला की आईंचं बोलणं तर रेकॉर्ड झालं, आता वरचे लोक काय ते ठरवतील. मोबाइल खिशात घालून त्याने पायांत बूट सरकवले.

दीपमालाचे डोळे भरून आले. दुखण्याने नव्हे. दुखण्याने रडणं तिने केव्हाच सोडलं होतं.

"गप राय," आई तिच्या कानाशी पुटपुटली. "मी मेल्यावर कंपनी येईन का तुले उठवाले?" आणि मग मोठ्याने, हसऱ्या तोंडाने, "बेबीताई, रविवारी या म्हना तिवशाच्या लोकायले."

पदराआडून आईचा अंगठा एव्हाना दीपमालाच्या कंबरेवर गेला होता. न चाचपता, मणक्याच्या डाव्या अंगाला, बरोबर त्या जागी. तिथे तो रोजच्यासारखा जोर देऊन दाबत होता. आईचा एवढा राग दीपमालाला जन्मात आला नव्हता. कळ मात्र हळूहळू उतरायला लागली.