एरमेकच्या फोनचे पैसे

फोनचे पैसे भरायच्या यंत्राच्या पडद्यावर झूराकानला पुन्हा शून्य दिसलं. मागच्याच आठवड्यात तिने एरमेकच्या खात्यात पेन्शनच्या पैशांतले चांगले घसघशीत सोम भरले होते. ते सगळे उडाले, आणि घरी त्याचा एकही फोन आला नाही!

एरमेक तिचा एकुलता एक मुलगा, तिकडे रशियात त्युमेनला इमारतींच्या कामावर. नौरोजच्या सणाला शेवटचा बोलला तेव्हा अगदी रडकुंडीला आला होता. मुकादमाने पगार अडवलाय, इंटरनेटवरून फोन करायच्या खात्यात दमडी नाही, म्हणाला. त्या खात्यात इकडे आपल्या उझगेनच्या बाजारातूनही पैसे भरता येतात हे त्यानेच सांगितलं, वर खात्याचा नंबरही दिला. तेव्हापासून पेन्शन हाती पडली की झूराकान आधी कुबातच्या दुकानातल्या यंत्रापुढे जाऊन उभी राहायची. नातवाच्या बुटांचं नंतर बघू, आधी पोराचा आवाज.

आवाज काही आला नाही. पैसे तेवढे जात होते.

म्हणजे बोलतोय कुणाशी तरी. कुणाशी, हे कळायला काय मोठी अक्कल लागते? गल्लीतल्या दोन घरांत हेच झालं होतं. तिकडे एखादी रशियन बया भेटली, की इकडची बायकापोरं विसरायला कितीसा वेळ लागतो. आणि ही लाडीगोडी आईच्या पैशांनी चाललीय, मेल्याची! झूराकान मनातून जळफळायची. तरी पैसे भरायचं तिने सोडलं नाही. खात्यात काही असलं तर कधी तरी घराची आठवण होईल, एवढीच आशा.

खरी भीती वेगळीच होती. सून मेरिमला हे कळलं, तर ती नातवाला घेऊन माहेरची वाट धरेल. तिला कुठल्या तोंडाने अडवायचं? मग या घरात झूराकान आणि चार भिंती.

म्हणून ती खोटं बोलू लागली. घरच्या तंदूरला तडा गेला होता, त्यामुळे मेरिम रोज संध्याकाळी शेजारच्या कालबूबूकडे रोट्या भाजायला जायची. ती परतली की झूराकान खिशातला फोन काढून दाखवायची.

"आत्ताच येऊन गेला बघ त्याचा. तू नेमकी नसतेस."

"काय म्हणाले?" मेरिम मान खाली घालून विचारायची.

"दुसरं काय, तुझीच चौकशी. मेरिम नीट जेवते का, मेरिमची सर्दी गेली का."

मेरिमच्या गालांवर लाली चढायची. "बरी आहे म्हणावं, आई." मग ती जरा जास्तच वेळ सासूचे पाय चेपत बसायची. किती भोळी पोर, म्हणून झूराकानला भडभडून यायचं.

मेरिमला स्वतःचा फोन नव्हता. सुनेच्या हातात फोन कशाला हवा, म्हणत लग्नानंतर झूराकाननेच तो काढून घेतला होता. आता तिला त्याचं बरंच वाटत होतं. निदान नवऱ्याची थेरं तरी कानावर पडणार नाहीत.

आज मात्र तिला राहवलं नाही. तिने कुबातला सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, ती बया त्युमेनचीच असणार ना?

कुबात हसला. "मावशी, तिकडच्या तिकडे बोलायला ही कंपनी पैसे घेतच नाही. आपल्या देशात घंटी वाजली तरच खात्यातून कापतात. तो इकडेच फोन करतोय."

झूराकान बघतच राहिली. इकडे! म्हणजे बया नाही, काही नाही. लेकरू घरीच फोन लावत होतं, आणि हा खिशातला मेला डबाच धड चालत नव्हता. काय काय बोलले मी त्याला, या विचाराने तिचे डोळे भरून आले. उरलेले सगळे पैसे तिने तिथेच यंत्रात घातले आणि घरी न जाता तडक कालबूबूचं अंगण गाठलं. मेरिमला आता सगळं खरं सांगता येणार होतं.

कालबूबू घरात नव्हती. मेरिम तंदूरमध्ये वाकून रोटी थापत होती. तेवढ्यात आत ओट्यावर ठेवलेल्या कालबूबूच्या जुन्या फोनची घंटी वाजली.

"मी घेते, आई!" मेरिम दचकून म्हणाली. तिचा हात अजून तंदूरमध्येच होता.

"रोटी जळेल ती. थांब, मी बघते."

झूराकानने फोन कानाला लावला. धाप लागल्यामुळे तिच्या तोंडून शब्द फुटेना. पलीकडचा माणूस कशाला थांबतोय!

"मेरिम, तिकिटं निघाली बघ, तुझं आणि पोराचं," एरमेक म्हणाला. "आईला मात्र विमानात बसेपर्यंत काही बोलू नकोस. उगाच रागावून पैसे भरायचं बंद करेल."