दुसरीच्या नावचं रक्त

थोरली जाऊ आत दंडाला पट्टा बांधून बसली होती आणि बाहेर बाकावर धाकटी मनातल्या मनात फायदा मोजत होती. काचेच्या कारखान्यात बरण्या तपासायची नोकरी. नोकरीबरोबर कारखान्याच्या दोन खोल्या. स्वतःचं दार, स्वतःची कडी, आणि भांड्यांवरची झाकणं उचलून बघणारं कोणी नाही. थोरलीचाही फायदा होताच. धाकटी गेली की मागची खोली तिला. सौदा चोख होता, अडत होतं ते फक्त रक्त. भट्टीजवळचं काम म्हणून रक्त अकराच्या वर असल्याशिवाय कारखाना कुणाला घेत नव्हता. आणि धाकटी म्हणजे पांढरीफटक, चिमणीएवढी. लग्नानंतर एकदा पाणी भरताना चक्कर येऊन पडली, तेव्हापासून घरात तिचं नावच ‘कापूस’ पडलं होतं.

थोरली सावळी, ऐसपैस. तिनं हात घातला की भरलं पोतंही मुकाट उठायचं. “तुझ्या नावानं मी देते,” तीच म्हणाली होती. “माझ्यातलं चमचाभर गेलं तर कुणाला कळणार आहे?”

रक्त काढणारा माणूस नळी आत देऊन जेवायला निघून गेला. थोरली बाकावर येऊन टेकली. जिना चढल्यापासूनचा तिचा दम अजून खाली बसला नव्हता. धाकटीला मात्र बसवेना. ती उठून खिडकीपर्यंत गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली.

“अगं बस की एका जागी! रक्त मी दिलंय आणि घाम तुला.”

लॅबच्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. त्यांनी धाकटीचं नाव पुकारलं. थोरलीनं तिला कोपरानं ढोसलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग धाकटीकडे. पुढे होऊन तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढली.

“पापणी तर चांगली लाल आहे तुझी. आणि यात पावणेसहा! पावणेसहावाली बाई अशा फेऱ्या मारत नाही. सकाळपासून मशीन दगा देतंय. हा कागद फाडून टाकते. आत ये, मीच परत काढते. पास होशील, घाबरू नकोस.”

धाकटी आत खुर्चीवर बसली. बाही वर गेली. दोन खोल्या, दार, कडी, सगळं आयतं पदरात पडत होतं. फक्त गप्प बसायचं होतं. थोरली दारात येऊन उभी राहिली होती. तिनं डोळा मिचकावला, म्हणजे झालं, सुटलो. एका हातानं तिनं चौकट धरली होती. एवढी चार पावलं चालून ती पुन्हा धापा टाकत होती.

धाकटीनं हात मागे घेतला.

“मशीन बरोबर आहे, बाई. ते रक्त माझं नाही. हिचं आहे.”

“खुळी का काय तू!” थोरली ओरडली. ओरडायलाही तिला दम पुरला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला धरून स्टुलावर बसवलं. तिची पापणी ओढली. आतून पांढरी, धुऊन वाळत घातलेल्या फडक्यासारखी. नखं मधे खोलगट झालेली. “सावळ्या अंगावर फिकटपणा दिसत नाही, आत बघावं लागतं,” त्या म्हणाल्या. मग पाळीचं विचारलं. थोरली पदराशी चाळा करत पुटपुटली, “जातं जरा जास्त. महिन्यातले पंधरा दिवस. बायकांचं चालायचंच.”

“हे चालायचं नाही. आजच दवाखान्यात भरती व्हायचं. आधी रक्त चढवतील, मग सलाईनमधून लोह देतील, आणि हे जाणं थांबवायला औषध.” त्या धाकटीकडे वळल्या. “आणि कारखान्याला मला खरं ते कळवावं लागेल. ते तुला आता दारातही उभं करणार नाहीत.”

धाकटीनं मान हलवली. तरी मनात कुठेतरी वाटलंच, की आपण केवढ्या मोठ्या गोष्टीवर पाणी सोडलं.

चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंनी थोरलीला विचारलं, “याआधी कधी तपासलं नव्हतंस?”

“तपासलं ना. वर्ष होऊन गेलं. लोहाच्या गोळ्या देतात, दर महिन्याला जाऊन आणते.”

“आणि घेत नाहीस?”

थोरलीनं मान खाली घातली. “घरात अशक्त कोण, ते बघून देते.”

रोज जेवण झालं की थोरली धाकटीच्या तळहातावर एक लाल गोळी ठेवायची. “तुझ्यासाठी आणली, गीळ,” म्हणायची. धाकटी तोंड वाकडं करून गिळायची.

नोकरी धाकटीची गेली होती. पण वर्षभर किंमत मोजत होती ती दुसरीच. आणि ती आत्ता निघताना दाराबाहेर वाकून, धापा टाकत, आधी धाकटीच्या चपला सरळ करत होती.